पावणेदोनशे टक्क्यांवरचा मेनू

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या वाचनालयाचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात टेबल, त्यावर १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर, शेजारी वर्गणीची पावतीपुस्तकं आणि संस्थेच्या वेबसाइटवर रोज काही ना काही चढवणाऱ्या एक काकू. आज व्याख्यानाची सूचना, उद्या नव्या पुस्तकांची यादी. वेबसाइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर चालते. काकूंना अक्षरं बारीक दिसतात, म्हणून त्या कंट्रोल धरून अधिकचं बटण दाबत जातात. सव्वाशे टक्के, दीडशे, पावणेदोनशे. मग वेबसाइट बनवणाऱ्याला फोन जातो: "अरे, डावीकडचं सगळंच गेलं! मी कशालाही हात लावलेला नाही हं."

काकूंचं म्हणणं अगदी खरं असतं. झूम दीडपट झाला की ब्राउझरच्या लेखी रुंदी तेवढीच घटते: १३६६ ला दीडने भागलं की ९११ उरतात. ॲडमिनच्या, म्हणजे काकू काम करतात त्या मागच्या बाजूच्या, पानाची रुंदी ९६० पिक्सेलच्या खाली आली की डावीकडचा १६० पिक्सेलचा मेनू आपोआप मिटतो आणि ३६ पिक्सेलची नुसत्या चित्रांची पट्टी उरते. पावणेदोनाने भागलं की ७८० आणि वर थोडं. ७८२ च्या खाली वर्डप्रेस समजतं की समोर मोबाइल आहे. मेनू पूर्ण नाहीसा होतो आणि वरच्या पट्टीत तीन आडव्या रेघा येतात. म्हणजे जेमतेम दीड पिक्सेलाने काकूंचा कॉम्प्युटर फोन ठरतो.

आता झूम मुळात कशासाठी केला? ॲडमिनमधलं मूळ अक्षर १३ पिक्सेलचं आहे म्हणून. रोमन लिपीचं त्यात भागतं. देवनागरीत त्याच उंचीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचा दुसरा मजला एवढं सगळं मावायचं असतं. 'उद्धृत' हा एक शब्द १३ पिक्सेलमध्ये वाचून बघा.

हे एवढ्यासाठी सांगायचं की ॲडमिनला संस्थेचं रूप द्यायचं काम निघालं की चर्चा सुरू होते लोगोपासून. मग रंग. मग लॉगिनच्या पानामागे मासुंदा तलावाचा फोटो. अक्षराचा विषय निघालाच तर शेवटच्या दिवशी, तक्रार आल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. वेबसाइट बघणारा माणूस दोन मिनिटं थांबतो. मागच्या बाजूला बसणारा माणूस रोज तासन् तास तिथेच असतो. पडवी सगळेच सजवतात, माजघरात उजेड आहे का हे कुणी बघत नाही.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा: वर्डप्रेसच्या ॲडमिनलाही वेगळी थीम, म्हणजे रूपाचा तयार संच, लावता येते हा. ड्रुपल आणि जूमला या वर्डप्रेससारख्याच सॉफ्टवेअरमध्ये ॲडमिनची थीम ही खरोखर वेगळी थीम असते. ड्रुपल ७ मध्ये २०११ साली 'सेव्हन' आली, पुढे 'क्लॅरो' मूळ थीम झाली. जूमला ४ मध्ये, २०२१ साली, मागच्या बाजूसाठी 'ॲटम' आली. तिथे सेटिंगमध्ये जाऊन ॲडमिनसाठी कोणती थीम हवी ते निवडता येतं. वर्डप्रेसमध्ये अशी सोय नाही. तिथली थीम फक्त पुढच्या बाजूची. मागचा भाग वर्डप्रेसच्या गाभ्यातून येतो आणि तो बदलायचा तर प्लगइन, म्हणजे जोडीचा छोटा प्रोग्राम, लिहावं लागतं. हे प्लगइन कोणतीही फाइल बदलत नाही, आहे त्याच्यावर आपली स्टाइलशीट (रूपाचे नियम लिहिलेली सीएसएस फाइल) अंथरतं. डब्ल्यूपी-ॲडमिन फोल्डरमधल्या सीएसएसला थेट हात लावणारे महाभाग अजून भेटतात. पुढच्या अपडेटला ते फोल्डर नव्याने लिहिलं जातं आणि सगळी मेहनत पुसली जाते.

सांगाडा अगदी छोटा आहे. डब्ल्यूपी-कंटेंटच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये आपलं एक फोल्डर, त्यात एक पीएचपी फाइल, एक सीएसएस फाइल आणि फाँटसाठी उपफोल्डर. पीएचपी फाइलच्या डोक्यावरच्या टिपणीत 'प्लगइन नेम' ही ओळ असली की वर्डप्रेस तिला ओळखतं. बाकीच्या ओळी ऐच्छिक. ॲडमिनच्या पानांसाठी 'ॲडमिन एन्क्यू स्क्रिप्ट्स' या हुकवर, म्हणजे आपला कोड अडकवायच्या ठरलेल्या जागी, स्टाइलशीट जोडायची. लॉगिनचं पान यात येत नाही, त्याचा हुक वेगळा: 'लॉगिन एन्क्यू स्क्रिप्ट्स'. स्टाइलशीट जोडताना आवृत्तीच्या जागी '१.०' असं ठोकून न लिहिता फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ टाकावी. पीएचपीचं 'फाइलएमटाइम' ती देतं. नाहीतर आपण दुरुस्ती करतो आणि काकूंचा ब्राउझर कॅशमधून गेल्या आठवड्याचं रूप दाखवत राहतो.

आता अक्षर. 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेच्या 'मुक्त' या फाँटमध्ये २०० ते ८०० अशी सात वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या, आहेत. ॲडमिनमध्ये मुख्यतः ४०० आणि ६०० लागतात, तेवढीच दोन घ्यावीत. फक्त ४०० आणि ७०० ठेवलं तर ६०० मागितल्यावर ब्राउझर ७०० लावतो आणि यादीतलं प्रत्येक शीर्षक ओरडायला लागतं. फाँट आपल्याच सर्व्हरवर ठेवावा. वर्डप्रेसनेही ३.८ आवृत्तीत ॲडमिनला गूगलवरून ओपन सॅन्स लावला होता आणि ४.६ मध्ये, २०१६ साली, तो काढून प्रत्येक यंत्राचा स्वतःचा फाँट वापरायला सुरुवात केली.

इंग्रजी शब्द यंत्राच्या फाँटमध्ये आणि मराठी 'मुक्त'मध्ये हवे असतील, तर फाँट जाहीर करताना युनिकोडचा पट्टा द्यायचा: ०९०० ते ०९७एफ. इथे मराठीपुरती एक मेख आहे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो अर्धा र पुष्कळ जुन्या मजकुरात र, हलन्त आणि शून्य रुंदीचं जोडचिन्ह असा टाइप केलेला असतो. ते जोडचिन्ह २००डी वर आहे, म्हणजे आपल्या पट्ट्याबाहेर. मग एकाच अक्षराचे तुकडे दोन फाँटमध्ये वाटले जाण्याची शक्यता उरते आणि 'दुसऱ्या'चा रफार होऊन बसतो. म्हणून पट्ट्यात २००सी आणि २००डी घालायचेच, शिवाय रुपयाच्या चिन्हासाठी २०बी९. हिंदीत हा अर्धा र नाही, त्यामुळे हिंदीसाठी तयार केलेला नमुना उचलला तर ही उणीव लक्षातही येत नाही.

दुसरी चूक जवळपास प्रत्येकाच्या हातून होते. फाँट सगळीकडे लागावा म्हणून तारांकित सिलेक्टर, म्हणजे 'सगळ्या घटकांना', आणि पुढे 'इम्पॉर्टंट', म्हणजे हा नियम बाकीच्यांवर चढवायची खूण. पान रिफ्रेश केलं की जागोजागीची काही छोटी चित्रं जाऊन तिथे चौकोन आलेले. ती चित्रं म्हणजे चित्रं नाहीतच. डॅशआयकॉन्स हा फाँट आहे, २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून. आपण सगळ्यांचा फाँट बदलला त्यात त्यांचाही बदलला. फाँट फक्त बॉडीला, म्हणजे पानाच्या सगळ्यांत बाहेरच्या घटकाला, लावावा. इनपुट, बटणं वगैरे तो तिथूनच उचलतात.

आकाराचं तसं नाही. बॉडीला १५ पिक्सेल दिले म्हणून सगळं मोठं होत नाही. मेनूचं अक्षर १४, बटणाचं १३, यादीच्या तक्त्याचं वेगळं, प्रत्येकाने आपापला आकडा धरून ठेवलेला. एकेकाला गाठून सांगावं लागतं. ओळींमधलं अंतरही तसंच. मेनूमध्ये ते अक्षराच्या १.३ पट आहे, १४ पिक्सेलला १८ च्या आसपास. एकओळी नावाला चालतं. नाव दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. १.६ च्या खाली देवनागरी ठेवू नये. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवणारा गुणधर्म तर देवनागरीला लावूच नये. इंग्रजी शीर्षकं त्याने ऐटदार दिसतात, आपली शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

हे सगळे बदल मराठीत काम करणाऱ्यांपुरतेच हवेत. ४.७ पासून प्रत्येक वापरकर्त्याला ॲडमिनची स्वतःची भाषा निवडता येते, आणि ॲडमिनच्या बॉडीवर त्या भाषेचा क्लास (सीएसएसला ओळखता येणारं नाव) आपोआप लागतो, मराठीसाठी 'लोकेल-एमआर'. आपले अक्षराचे नियम त्याच्या आत ठेवले की इंग्रजीत काम करणाऱ्या डेव्हलपरच्या पानाला धक्का लागत नाही.

मेनूची रुंदी वाढवायचा मोह पुढे होतोच. १६० मधून चित्राचे ३६ आणि उजवीकडचे ८ गेले की नावाला ११६ पिक्सेल उरतात. 'व्याख्यानमाला व इतर कार्यक्रम' त्यात बसणार नाही. मग कुणीतरी मेनू २०० चा करतो. मेनूची पार्श्वभूमी वेगळा घटक आहे, तीही २०० ची करावी लागते. मजकुराचा डावा समास १६० वर बेतलेला, तो सरकवायचा. तळटीपेचा वेगळा. बाजूला उघडणारा उपमेनू १६० वर सुरू होतो, तो मेनूच्या पोटात शिरतो. ब्लॉक एडिटरची चौकटही डावीकडून १६० मोजते. आणि हे सगळं ९६० च्या वरच लागू करायचं, नाहीतर मिटलेल्या मेनूशेजारी मोकळं पटांगण दिसतं. एवढा खटाटोप करण्यापेक्षा मेनूचं नाव 'कार्यक्रम' करा. आधी शब्द कापावा, मग पिक्सेल.

वरची काळी पट्टी ३२ पिक्सेलची, ७८२ च्या खाली ४६ ची. तिची उंची बदलू नये. तिच्यावर इतक्या गोष्टी टेकलेल्या आहेत की एक ओढली की दहा हलतात.

रंगांसाठी वर्डप्रेसने चांगला रस्ता ठेवला आहे आणि तो टाळून बहुतेक जण भिंतीवरून उडी मारतात. 'डब्ल्यूपी ॲडमिन सीएसएस कलर' हे फंक्शन वापरून नवी रंगसंगती नोंदवता येते. ती प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये बाकीच्या रंगसंगतींच्या रांगेत दिसते. तिची सीएसएस हाताने लिहायची गरज नसते. डब्ल्यूपी-ॲडमिनच्या रंगांच्या फोल्डरमध्ये सासच्या, म्हणजे सीएसएस तयार करून देणाऱ्या भाषेच्या, फाइली असतात. मूळ रंग, उठाव, सूचनेचा रंग, अक्षराचा रंग अशी मोजकी चलं भरायची आणि बाकी सगळं त्यातून तयार होतं. यात एक फायदा लपलेला आहे. ब्लॉक एडिटर आपल्या बटणांचा रंग एका सीएसएस चलातून घेतो. सासच्या वाटेने गेलं की ते चल आपोआप भरलं जातं. हाताने लिहिणारा ते विसरतो, आणि सगळं ॲडमिन किरमिजी असताना 'प्रकाशित करा' तेवढं निळं राहतं.

रंग कोणता, हा संस्थेचा प्रश्न. फक्त भगव्यावर पांढरं लिहू नये. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ हा नेहमीचा केशरी घेतला तर पांढऱ्या अक्षराशी त्याचं फरकाचं प्रमाण २.१ ला १ येतं. लहान अक्षरासाठी सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत किमान ४.५ लागतं. त्याच केशरीवर काळं अक्षर लिहिलं तर प्रमाण ९.८ च्या वर जातं. किंवा गडद मरून घ्या, लाल १२८ आणि बाकी शून्य. त्यावर पांढरं १०.९. समितीच्या बैठकीत आवडीनिवडीवर तासभर घालवण्यापेक्षा हे तीन आकडे टेबलावर ठेवले की वाद लवकर मिटतो.

आपली रंगसंगती सगळ्यांवर लादायचा फिल्टरही (वर्डप्रेसचं उत्तर वाटेत बदलून देणारा हुक) आहे. तो लावू नये. एखाद्याच्या डोळ्यांना दुसरी संगती बरी वाटत असेल. नव्या वापरकर्त्याला आपली द्यावी, जुन्याला निवडू द्यावी. लादावा असा रंग एकच: खरी साइट आणि चाचणीची साइट यांतला फरक. २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून साइट कोणत्या वातावरणात चालते आहे ते विचारता येतं. चाचणीच्या साइटची वरची पट्टी हिरवी करावी. चाचणी समजून खऱ्या साइटवरची सभासदांची पानं उडवणारा माणूस मूर्ख नसतो. दोन्ही टॅब सारखे दिसत असतात, एवढंच. ही साइट चाचणीची आहे, हे तिच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवावं लागतं. न लिहिल्यास वर्डप्रेस तिलाही खरीच समजतं.

सिलेक्टरच्या मारामारीबद्दल थोडं. गाभ्यातले मेनूचे नियम आयडीवरून, म्हणजे घटकाच्या एकमेव नावावरून, लिहिलेले आहेत, त्यामुळे साधा क्लास त्यांच्यापुढे हरतो. मग जो तो 'इम्पॉर्टंट'ची मिरची पेरत सुटतो, आणि पुढच्याला त्यावर आणखी तिखट लागतं. त्याऐवजी 'ॲडमिन बॉडी क्लास' या फिल्टरने बॉडीवर आपला एक क्लास लावायचा आणि तो पुढे ठेवून गाभ्याचाच सिलेक्टर लिहायचा. मात्र पुढच्या बाजूच्या बॉडी क्लासला ॲरे (सुट्या शब्दांची यादी) मिळते, इथे सलग मजकूर मिळतो. आपला क्लास जोडताना आधी मोकळी जागा सोडली नाही तर तो आधीच्या शब्दाला चिकटतो, दोन्ही क्लास निकामी होतात, आणि तासभर सीएसएसमध्ये चूक शोधण्यात जातो. चूक असते एका स्पेसची.

मेनूतून गोष्टी काढणं हा कामाचा सर्वांत समाधान देणारा आणि सर्वांत फसवा भाग. काकूंना साधनं, सेटिंग, प्रतिक्रिया यांतलं काही लागत नाही. 'रिमूव्ह मेनू पेज' हे फंक्शन 'ॲडमिन मेनू' हुकवर ९९९ अशा उशिराच्या क्रमाने चालवलं की ते सगळं दिसेनासं होतं. दिसेनासं होतं, एवढंच. पत्ता टाइप केला की पान उघडतं. दार लोटलेलं आहे, कुलूप नाही. कुलूप हवं तर भूमिका बदलावी लागते: काकूंना प्रशासक न ठेवता संपादक करायचं किंवा नवी भूमिका तयार करायची. नवी भूमिका 'ॲड रोल'ने बनते आणि डेटाबेसमध्ये लिहिली जाते. म्हणून ते फंक्शन प्लगइन सुरू होण्याच्या हुकवर एकदाच चालवायचं. पुढे कोडमध्ये अधिकार वाढवले तरी काही बदलत नाही, कारण भूमिका आधीच आहे म्हटल्यावर 'ॲड रोल' मुकाट परत फिरतं. जुनी भूमिका काढून पुन्हा बनवावी लागते, किंवा तिच्यात अधिकार वेगळा जोडावा लागतो.

सूचनांच्या पट्ट्यांचंही तेच. वर साठलेल्या पिवळ्या-निळ्या पट्ट्यांनी पान खाली ढकललं जातं, म्हणून एका ओळीत सगळ्या लपवणारे आहेत. त्यांत सुरक्षा अपडेटची पट्टीही जाते. ज्यांना अपडेट करायचा अधिकारच नाही त्यांच्यापुरत्या लपवाव्यात, बाकीच्यांनी बघाव्यात.

आणखी एक छोटी गोष्ट, जिचा उपयोग लोगोपेक्षा जास्त होतो. यादीत प्रत्येक नोंदीखाली 'संपादन', 'कचरापेटी' वगैरे दुवे माउस वर नेल्यावरच उगवतात. सवय नसलेल्या माणसाला ते आहेत हेच कळत नाही. खरं तर ते कायम तिथेच असतात, फक्त पानाच्या डावीकडे हजारो पटींनी बाहेर ढकललेले. डावं अंतर शून्य केलं की काम झालं.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसून फोनवरून सूचना दुरुस्त करणारेही आहेत. ७८२ च्या खाली वर्डप्रेस लिहायच्या चौकटीतलं अक्षर मुद्दाम १६ पिक्सेलचं करतं, कारण त्याहून लहान असलं की आयफोन चौकटीला हात लावताच पान मोठं करतो. आपला १५ चा नियम तिथपर्यंत पोहोचू देऊ नये.

लॉगिनच्या पानाचं थोडक्यात. लोगोची जागा ८४ बाय ८४ ची, फॉर्म ३२० रुंद. आडवा लोगो असेल तर रुंदी आणि पार्श्वचित्राचा आकार दोन्ही बदलायचे. त्या लोगोचा दुवा मुळात वर्डप्रेसच्या साइटवर जातो, तो फिल्टरने आपल्या साइटवर वळवायचा. मासुंद्याचा फोटो लावायचाच तर आधी त्याचं वजन उतरवा.

चढवताना काय बिघडतं? पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एक रिकामी ओळ राहिली की 'हेडर्स आधीच पाठवले' अशी तक्रार येते आणि लॉगिन अडकतं. एखादा अर्धविराम राहिला तर सगळी साइट बंद. ५.२ पासून अशा वेळी प्रशासकाच्या ईमेलवर दुरुस्तीचा दुवा येतो; तो आला नाही तर फाइल मॅनेजरमधून प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदलायचं, प्लगइन आपोआप बंद पडतं. कुणी चुकून बंद करू नये म्हणून हेच काम 'एमयू-प्लगइन्स' या कायम चालू राहणाऱ्या प्लगइनांच्या फोल्डरमध्ये ठेवायची पद्धत आहे. ठीक आहे, पण तिथे उपफोल्डरमधली फाइल आपोआप चालत नाही, सुरू होण्याचा हुक नसतो, आणि चूक झाली तर तो दुरुस्तीचा दुवा वाचवायला येत नाही. फाइलच उचलून बाहेर ठेवावी लागते.

शेवटची तपासणी आपल्या मोठ्या स्क्रीनवर करू नये, काकूंच्या टेबलावर करावी. एका कच्च्या नोंदीला 'उद्धृत दुसऱ्या तऱ्हा ट्ठ ₹' असं शीर्षक द्यायचं आणि यादी उघडायची. मग झूम. १३ पिक्सेलचं अक्षर पावणेदोनशे टक्क्यांवर २२.७५ चं होत होतं. आता मूळ अक्षर १५ चं आहे, दीडशेवर ते २२.५ होतं, म्हणजे काकूंना हवं होतं तेवढं. रुंदी ९११, त्यामुळे कॉम्प्युटरचा फोन होत नाही. मेनू मात्र ९६० च्या खाली असल्याने अजून मिटलेलाच असतो. त्या चित्रांच्या पट्टीच्या अगदी तळाशी एक बारीक बाण आहे. दीडशे टक्क्यांवर असतानाच तो एकदा दाबायचा. मेनू उघडतो आणि वर्डप्रेस ते काकूंच्या नावावर नोंदवून ठेवतं.